नटाची सबब, दिग्दर्शकाची सही

नात्सी राजवटीतील चित्रपटांचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा लेनी रीफेनश्टालचेच नाव घेतले जाते. फाइट हार्लानचे नाव क्वचितच कानी येते. दोघेही आधी अभिनय करीत होते, मग दिग्दर्शनाकडे वळले. दोघांनीही हिटलरच्या काळात कीर्ती मिळवली आणि युद्धानंतर आपण निव्वळ कलावंत होतो असे जन्मभर सांगितले. तरीही साहित्याच्या अभ्यासकांना हार्लानचे प्रकरण अधिक जवळचे वाटावे, असे आम्हांस वाटते. रीफेनश्टालने मेळावे आणि क्रीडास्पर्धा चित्रित केल्या. हार्लानने नाटके आणि दीर्घकथा हाती घेतल्या. गेरहार्ट हाउप्टमान, हेर्मान झूडरमान, माक्स हाल्बं, टेओडोर श्टोर्म ही जर्मन वाङ्मयाच्या इतिहासातली नावे त्याच्या श्रेयनामावलीत सापडतात. साहित्यकृतीचे माध्यमांतर करताना तिचा कणा कसा मोडता येतो आणि तोही प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणून, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

आणखी एक कारण आहे. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप ठेवून न्यायालयात उभा केला गेलेला त्या राजवटीतला चित्रपट-दिग्दर्शक म्हणून हार्लानचेच नाव सांगितले जाते. तो निर्दोष सुटला. पण त्याच्याविरुद्ध बोललेला एक माणूस मात्र न्यायालयात हरला आणि पुढे त्या हरण्यातूनच जर्मनीतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पाया घातला गेला. ती हकिगत पुढे येईलच.

हार्लानचा जन्म २२ सप्टेंबर १८९९ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील वाल्टर हार्लान नाटककार होते. त्यामुळे रंगभूमी ही त्याला घरातलीच गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर तो बर्लिनच्या फोल्क्सब्यूनं या नाट्यसंस्थेत आणि पुढे तेथील सरकारी नाट्यगृहात नट म्हणून उभा राहिला. लिओपोल्ड येस्नरसारखा ज्यू आणि डाव्या विचारांचा दिग्दर्शक त्या नाट्यगृहाचा प्रमुख होता. वायमार काळातील बर्लिनची रंगभूमी म्हणजे युरोपातली सर्वांत जिवंत रंगभूमी. हार्लान तिच्यातला पहिल्या रांगेतला नट नव्हता, पण धडपडणारा, तापट आणि अंगात बळ असलेला नट होता. १९२७ साली कार्ल श्टेर्नहाइमच्या नाटकावरून निघालेल्या 'दी होजं' या मूकपटात तो वेर्नर क्राउससोबत दिसला. क्राउसचे नाव लक्षात ठेवावे. तेरा वर्षांनी हे दोघे पुन्हा एकत्र येतात, आणि ते एकत्र येणे फार महागात पडते.

याच काळातली एक गोष्ट हार्लानच्या चरित्रात एखाद्या तळटीपेसारखी येते, परंतु ती तळटीप म्हणून वाचणे आम्हांस जमत नाही. १९२२ मध्ये त्याने डोरा गेर्सन या अभिनेत्री-गायिकेशी लग्न केले. ती ज्यू होती. दोन वर्षांत ते लग्न मोडले. पुढे त्याने हिल्डं क्योर्बर या अभिनेत्रीशी विवाह केला आणि १९३९ मध्ये क्रिस्टिना झ्योडरबाउम या स्वीडिश नटीशी तिसरा. डोरा गेर्सन १९३३ नंतर जर्मनीत काम करू शकली नाही. ती हॉलंडमध्ये गेली. तेथून स्वित्झर्लंडकडे निसटण्याचा प्रयत्न फसला आणि १९४३ च्या फेब्रुवारीत आउशवित्सला तिचा, तिच्या दुसऱ्या पतीचा आणि दोन लहान मुलांचा अंत झाला. त्याच्या पुढच्याच महिन्यात, उफा चित्रसंस्थेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या समारंभात, गोबेल्सने हार्लानला प्राध्यापक ही मानाची पदवी दिली. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. तरी त्या एकाच कालगणनेत आहेत, हे विसरता येत नाही.

१९३३ च्या मे महिन्यात नात्सी पक्षाच्या मुखपत्रात हार्लानची मुलाखत आली. तीत त्याने नव्या राजवटीवरील आपली निष्ठा जाहीर केली होती. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. येस्नर देश सोडून गेला होता. बर्लिनच्या रंगभूमीवरील कितीतरी जागा एकाएकी रिकाम्या झाल्या होत्या, आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी माणसे लागतातच. हार्लानला नट म्हणून जे स्थान मिळाले नव्हते ते दिग्दर्शक म्हणून मिळण्याची ही वेळ होती. १९३५ मध्ये 'क्राख इम हिंटरहाउस' या चाळवजा बिऱ्हाडांतल्या भांडणावरच्या विनोदी चित्रपटाने त्याने सुरुवात केली. त्यात राजकारण शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. पुढच्या दोन वर्षांत त्याने स्वस्तात आणि झपाट्याने चित्रपट काढणारा माणूस म्हणून नाव मिळवले. निर्मात्यांना असा माणूस नेहमीच हवा असतो.

खरा हार्लान १९३७ च्या 'डेर हेरशर' म्हणजे 'शास्ता' या चित्रपटात प्रकटला. या चित्रपटाचे मूळ हाउप्टमानचे 'फोर झोनेनउंटरगांग' हे १९३२ चे नाटक. नाटकात एक वृद्ध विधुर प्रकाशक आहे, गटेच्या ग्रंथांत रमणारा, सुसंस्कृत. तो एका तरुण मुलीवर प्रेम करू लागतो. वारसा हातचा जाईल या भीतीने त्याची मुले त्याला वेडा ठरवण्याचा दावा लावतात आणि म्हातारा त्या आघाताने मरण पत्करतो. शेक्सपिअरच्या लिअरची छाया असलेले हे नाटक माक्स राइनहार्टने बर्लिनला रंगभूमीवर आणले होते आणि त्यात म्हाताऱ्याची भूमिका क्राउसनेच केली होती. मावळतीला आलेल्या एका उदार जगाचा तो विलाप होता.

हार्लानच्या चित्रपटात हा प्रकाशक पोलाद-कारखानदार होतो. भूमिकेत एमिल यानिंग्स. मुले तशीच लोभी, प्रेम तसेच, वेड ठरवण्याचा कटही तसाच. बदलतो तो शेवट. म्हातारा मरत नाही. तो मुलांना वारशातून काढून टाकतो आणि आपला सारा कारखाना राष्ट्राला अर्पण करतो. त्याच्यामागून तो चालवणारा माणूस कामगारांतूनच पुढे येईल, कारण जन्मजात नेत्याला शिकवावे लागत नाही, अशा अर्थाचे भाषण करतो. म्हणजे नाटकात जी व्यक्तीची शोकांतिका होती ती चित्रपटात नेतृत्वाच्या तत्त्वाचे प्रवचन झाली. पात्रे तीच, प्रसंगही पुष्कळसे तेच, आणि अर्थ नेमका उलटा. यानिंग्सला व्हेनिसच्या महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले, हार्लानला सरकारी चित्रपट-पुरस्कार, आणि गोबेल्सला हवा असलेला माणूस.

ही जी कामाची रीत आहे, तिच्याकडे आमचे विशेष लक्ष आहे. हार्लान मूळ कृतीत घोषणा चिकटवत नाही. तो तिच्यातली भावना जशीच्या तशी ठेवतो, उलट ती अधिक दाट करतो, आणि तिचे टोक दुसरीकडे वळवतो. हाल्बंच्या नाटकावरील 'यूगेंड' (१९३८) मध्येही हेच, आणि झूडरमानच्या कथेवरील 'दी रायजं नाख टिल्झिट' (१९३९) मध्येही हेच. ही दुसरी कथा मुर्नाउने अमेरिकेत 'सनराइझ' म्हणून अजरामर केली होती. मुर्नाउची मोह पाडणारी बाई शहराची होती. हार्लानने तिला पोलिश केले. १९३९ सालची ही गोष्ट आहे, त्या सालच्या सप्टेंबरात काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. या आणि नंतरच्या चित्रपटांतून झ्योडरबाउम इतक्यांदा पाण्यात जीव देते, किंवा द्यायला निघते, की बर्लिनच्या लोकांनी तिला 'राइशचे जलप्रेत' असे नाव ठेवले. हसू येते खरे. परंतु विटाळलेल्या स्त्रीने पाण्यातच शुद्ध व्हायचे ही कल्पना त्या हसण्याआड दडून राहते, आणि १९४० च्या चित्रपटात ती आपले खरे काम करते.

'यूद झ्यूस' म्हणजे 'ज्यू झ्यूस'. योसेफ झ्यूस ओपेनहायमर हा अठराव्या शतकात व्युर्टेमबेर्गच्या ड्यूक कार्ल आलेक्झांडरचा ज्यू अर्थसल्लागार होता. १७३७ मध्ये ड्यूक अचानक मेला. त्याच्या करवसुलीवर चिडलेल्या प्रजेचा राग या सल्लागारावर निघाला आणि ४ फेब्रुवारी १७३८ रोजी श्टुटगार्टला त्याला उंच फासावर, लोखंडी पिंजऱ्यात लटकावले. धर्म बदलून जीव वाचवण्याचा सल्ला त्याने मानला नव्हता. या माणसावर १८२७ मध्ये विल्हेल्म हाउफने दीर्घकथा लिहिली. १९२५ मध्ये लिओन फॉइश्टवांगर या ज्यू लेखकाची कादंबरी आली आणि ती युरोप-अमेरिकेत अफाट खपली. तिच्यावरून १९३४ मध्ये इंग्लंडात चित्रपट निघाला. त्यात नायक होता कोनराड फाइट, जर्मनी सोडून गेलेला नट.

फॉइश्टवांगरच्या कादंबरीचा कणा एका मुलीत आहे. झ्यूसने जगापासून लपवून वाढवलेली त्याची मुलगी ड्यूकच्या नजरेस पडते आणि त्याच्या वासनेपासून पळताना मरते. येथून झ्यूसचा सूड आणि मग त्याचे सत्तेपासून मागे वळणे सुरू होते. आता हार्लानचा चित्रपट पाहावा. तेथेही एका मुलीवर अत्याचार होतो आणि तीही मरते. परंतु ती मुलगी जर्मन आहे, डोरोटेआ तिचे नाव, आणि अत्याचारी आहे झ्यूस. शेजारच्या कोठडीत तिच्या पतीचा छळ चालला आहे, तो थांबवायचा तर तिने झ्यूसच्या स्वाधीन झाले पाहिजे. सार्दूच्या 'तोस्का'ने जुन्या रंगभूमीला दिलेली ही युक्ती नाटकाच्या घरात वाढलेल्या हार्लानला परकी असण्याचे कारण नव्हते. मग डोरोटेआ नदीत जीव देते. तिचे शव मशालींच्या उजेडात वाहून आणतात आणि लोक पेटून उठतात. डोरोटेआच्या भूमिकेत अर्थातच झ्योडरबाउम. झ्यूसवरच्या ऐतिहासिक खटल्यात असा बलात्कार नव्हता, अशी आत्महत्याही नव्हती. तरी चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर अक्षरे येतात की येथे दाखवलेल्या घटना इतिहासावर आधारलेल्या आहेत.

आम्ही हा चित्रपट पाहिला तो अभ्यासाच्या हेतूने, हाती वही घेऊन. पहिल्या अर्ध्या तासातच वही बाजूला राहिली, हे कबूल केले पाहिजे. चित्रपट ओबडधोबड असता तर किती बरे झाले असते. व्युर्टेमबेर्गचे राजचिन्ह विरघळते आणि त्या जागी ज्यू गल्लीतली हिब्रू पाटी उमटते. मेजावर नाणी सांडतात आणि त्या नाण्यांतून नर्तकी गिरक्या घेत बाहेर येतात. दाढीवाला, काळ्या झग्यातला झ्यूस आपल्या डोळ्यांसमोर गुळगुळीत चेहऱ्याचा दरबारी होतो. या शेवटच्या दृश्याचा अर्थ असा की तुमच्यातला सभ्य दिसणारा शेजारीसुद्धा आतून तोच आहे. शब्दांनी हे सांगितले असते तर प्रेक्षकाने कदाचित वाद घातला असता. चित्र चित्रात विरघळताना वाद घालायला सवड कोठे? फेर्डिनांड मारियानने झ्यूस इतका देखणा केला आहे की त्याचा मोह पडावा, आणि मोह पडल्याची लाज वाटून पुन्हा तिरस्कार दुणावावा. क्राउसने ज्यू पात्रांपैकी बहुतेक सारी एकट्याने वठवली, म्हणजे सगळ्या चेहऱ्यांमागे एकच चेहरा. प्रार्थनामंदिराच्या दृश्यासाठी प्रागमधील खऱ्याखुऱ्या ज्यूंना उभे केले. शेवटी झ्यूस फासावर जातो आणि ज्यूंनी राज्य सोडून जावे, ही आज्ञा पुढच्या पिढ्यांनीही पाळावी, असे फर्मान निघते.

५ सप्टेंबर १९४० रोजी हा चित्रपट व्हेनिसला दाखवला गेला. मिकेलांजेलो आंतोनिओनी तेव्हा तरुण समीक्षक होता, त्याने त्याची स्तुती लिहिली. २४ सप्टेंबरला तो बर्लिनला लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस हिमलरने हुकूम काढला की एस.एस. आणि पोलीस दलातील सर्वांना येत्या हिवाळ्यात हा चित्रपट दाखवण्याची व्यवस्था व्हावी. जर्मनीत आणि व्यापलेल्या देशांत मिळून सुमारे दोन कोटी लोकांनी तो पाहिला असे मानतात. आउशवित्सच्या एका पहारेकऱ्याने पुढे साठीच्या दशकात फ्रँकफुर्टच्या खटल्यात सांगितले की आम्हांला हा चित्रपट दाखवीत, आणि त्याचे परिणाम कैद्यांना भोगावे लागत.

फॉइश्टवांगर तोवर फ्रान्समधल्या छावणीतून सुटून अमेरिकेला पोचला होता. १९४१ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या 'आउफबाउ' या निर्वासितांच्या जर्मन पत्रात बर्लिनच्या सात नटांना उद्देशून खुले पत्र लिहिले. लक्षात घ्यावे, पत्र मंत्र्याला नव्हते, नटांना होते. आपल्या कादंबरीचे काय केले गेले आहे हे या माणसांना पुरते ठाऊक आहे, त्यांना अज्ञानाची सबब नाही, हा त्यातला दंश होता.

येथे आम्ही ज्या मुद्द्यापाशी येऊ इच्छितो तो असा. नटाच्या धंद्यात एक निरागसता असते. तो दुसऱ्याचे शब्द बोलतो. रावणाची भूमिका करणाऱ्याला कोणी रावण म्हणत नाही. ही सवलत आपण नटाला देतो ती योग्यच आहे, तिच्यावाचून नाटक उभेच राहणार नाही. ती 'यूद झ्यूस'मधल्या नटांना किती लागू पडते याबद्दल फॉइश्टवांगरला शंका होती, आम्हांलाही आहे. परंतु दिग्दर्शकाला ती मुळीच लागू पडत नाही. हार्लान या चित्रपटावर आला तेव्हा पटकथेचा खर्डा आधीच तयार होता आणि दुसरा दिग्दर्शकही नेमलेला होता. हार्लानने तो खर्डा नव्याने लिहिला. श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून त्याचे नाव आहे, दिग्दर्शक म्हणूनही आहे. ही सही त्याने स्वतःच्या हाताने केली होती, आणि १९४५ पर्यंत ती त्याला भूषण वाटत होती.

त्यानंतरच्या चित्रपटांविषयी बोलताना समीक्षकाची थोडी अडचण होते. 'दी गोल्डनं श्टाट' (१९४२) हा रंगीत चित्रपट विलक्षण लोकप्रिय झाला. शहरात जाऊन एका चेक पुरुषाकडून फसवली गेलेली शेतकऱ्याची मुलगी शेवटी दलदलीत जीव देते. मूळ नाटकाच्या शेवटाऐवजी हा शेवट गोबेल्सने घालायला लावला, असे हार्लान नंतर सांगत असे. 'इमेनझे' (१९४३) ही श्टोर्मच्या हळुवार दीर्घकथेवरची कृती, आणि 'ओप्फरगांग' (१९४४) ही रुडोल्फ बिंडिंगच्या कथेवरची. यांत राजकारणाचा शब्द नाही. 'ओप्फरगांग'चे रंग, त्यातला समुद्र, तापात पडलेल्या स्त्रीला दिसणारे आभास हे सारे खरोखर सुंदर आहे, आणि जाणकार मंडळी आजही त्याचे गुण गातात. आम्ही ते नाकारीत नाही. मात्र मरणाला इतके मोहक करण्याचे काम १९४४ साली जर्मनीत चालावे, हा योगायोग आम्हांस पटत नाही.

'कोलबेर्ग'ची कथा तर एखाद्या प्रहसनात शोभली असती. १८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी वेढलेले हे किनाऱ्यावरचे शहर नागरिकांच्या निर्धाराने कसे झुंजले, हा विषय. लक्षावधी मार्कांचा खर्च झाला. सैनिक आघाडीवरून काढून चित्रीकरणासाठी उभे केले. १,८७,००० सैनिक होते असे हार्लान सांगे. इतिहासकार हा आकडा मानत नाहीत, आणि आम्हांला त्यात जुन्या नटाची बढाई ऐकू येते. चित्रपटाचा पहिला खेळ ३० जानेवारी १९४५ रोजी, हिटलरच्या सत्तारोहणाच्या बाराव्या वर्षदिनी, झाला. बर्लिनबरोबरच तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर वेढ्यात सापडलेल्या ला रोशेलच्या जर्मन तळावरही दाखवला गेला, आणि तेथे त्याची प्रत विमानातून टाकावी लागली. मार्च महिन्यात खरे कोलबेर्ग पडले. आज ते पोलंडमध्ये आहे.

युद्ध संपले. मारियान १९४६ मध्ये मोटार-अपघातात गेला. ड्यूकची भूमिका करणारा हाइन्रिश गेओर्ग त्याच वर्षी सोव्हिएत छावणीत मेला. क्राउसवर काही काळ बंदी आली, पण १९५४ मध्ये जर्मन रंगभूमीवरील सर्वांत मानाची इफलांड-अंगठी त्याच्या बोटात गेली. हार्लान हाम्बुर्गला राहिला. १९४७ मध्ये निर्नात्सीकरणाच्या चौकशीत त्याला स्वच्छ ठरवण्यात आले. त्यावर जे काहूर उठले त्यातून खटला उभा राहिला. मार्च १९४९ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि एप्रिलमध्ये सुटका झाली. चित्रपटाचा प्रत्यक्ष छळाशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. हर्षभरित जमावाने त्याला खांद्यावर उचलून नेले. वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरवून प्रकरण परत पाठवले. एप्रिल १९५० मध्ये दुसऱ्यांदा सुटका झाली. या वेळी चित्रपट अपराधाला पोषक होता हे मान्य झाले, पण नकार दिला असता तर हार्लानच्या जिवाला धोका होता, तो सक्तीखाली वागला, असे ठरले. ज्या न्यायाधीशाने हे ठरवले तो वाल्टर टिरोल्फ स्वतः नात्सी काळात हाम्बुर्गच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होता आणि त्याने लोकांसाठी फाशीची शिक्षा मागितली होती. त्याने हार्लानला दोषी ठरवले असते, तर स्वतःच्या नोकरीचा हिशेब कोठे मांडला असता?

न्यायालयातला हार्लानचा बचाव हा आमच्या मते त्याच्या आयुष्यातला शेवटचा मोठा अभिनय होय. काम नको होते, आघाडीवर जायला मी तयार होतो, गोबेल्सने भाग पाडले, झ्यूसला मी शेवटी शाप देणारा धीरोदात्त पुरुष केले होते पण मंत्र्याने ते कापून त्याला गयावया करणारा केला, अशी ती कैफियत. तीत काही अंश खरा असू शकेल. गोबेल्स चित्रपटांत ढवळाढवळ करीत असे यात शंका नाही. पण झ्यूसची भूमिका टाळणारे नामवंत नट होते, आणि त्यापायी कोणाचे मस्तक उडाले नव्हते. सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की दिग्दर्शक होऊन ज्याने दहा वर्षे सर्वाधिकार गाजवले, तो संकट येताच पुन्हा नट झाला. मला भूमिका दिली गेली, ती मी वठवली, शब्द दुसऱ्याचे होते. मानधन घेताना सही, आणि जाब विचारला की मुखवटा.

१९५० मध्येच त्याने नवा चित्रपट पुरा केला : 'उनश्टेर्बलिशं गेलीब्टं', पुन्हा श्टोर्मच्या कथेवरून. जणू मध्ये काहीच घडले नव्हते. २० सप्टेंबर १९५० रोजी हाम्बुर्गमध्ये जर्मन चित्रपट-सप्ताहाचे उद्घाटन होते. एरिश ल्यूट हे शहराच्या शासकीय प्रसिद्धी विभागाचे प्रमुख तेथे बोलले. जर्मन चित्रपटाची नैतिक प्रतिष्ठा पुन्हा उभी करायला 'यूद झ्यूस'च्या कर्त्याइतका अपात्र दुसरा कोणी नाही, वितरकांनी आणि चित्रगृहचालकांनी याचा विचार करावा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नंतर त्यांनी प्रेक्षकांनाही उघड आवाहन केले की सभ्य जर्मनांनी या चित्रपटापासून दूर राहावे. निर्माता आणि वितरक कंपन्या न्यायालयात गेल्या. हार्लान कायद्याने निर्दोष आहे, त्याचा चित्रपट कायद्याने मुक्त आहे, मग बहिष्काराची हाक म्हणजे आमच्या धंद्याचे हेतुपुरस्सर नुकसान, असा त्यांचा दावा. नोव्हेंबर १९५१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ल्यूट यांना असे आवाहन पुन्हा करण्यास मनाई केली.

म्हणजे स्थिती अशी झाली की चित्रपट करणारा मोकळा आणि तो पाहू नका म्हणणारा बांधलेला. १९५२ च्या आरंभी फ्रायबुर्ग आणि ग्योटिंगेन येथे हार्लानच्या चित्रपटांविरुद्ध निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मार खाल्ला. त्यांना प्रेक्षकांतूनच ज्यूद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या, आणि ग्योटिंगेन हे विद्यापीठाचे गाव, अडाण्यांचे नव्हे.

ल्यूट संघराज्याच्या घटना न्यायालयात गेले. निकाल लागायला सहा वर्षे लागली. १५ जानेवारी १९५८ रोजी न्यायालयाने खालचा निकाल रद्द केला. मूलभूत हक्क हे केवळ नागरिक आणि शासन यांच्यामधले नसतात, घटनेतील मूल्यांचा प्रकाश खाजगी कायद्यावरही पडला पाहिजे, आणि लोकहिताच्या प्रश्नावर बोललेले मत एखाद्याच्या व्यापाराला बाधते एवढ्यावरून दाबता येणार नाही, असे त्या निकालाचे सार. जर्मनीतील कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी आजही 'ल्यूट-निकाल' अभ्यासतो. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे साधारण त्याच पिढीत फडके-खांडेकरांच्या निमित्ताने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला, आणि तो बहुतेक वेळा व्याख्यानांत आणि प्रस्तावनांत रंगला. ल्यूट यांच्या प्रकरणात तोच प्रश्न फौजदारीत नव्हे तर दिवाणीत, नुकसानीच्या दाव्यात उभा राहिला : कलावंताला त्याच्या कलाकृतीचा जाब विचारणे हा समीक्षकाचा हक्क आहे की दुसऱ्याच्या पोटावर पाय? येथे चित्रपटावर बंदी घाला असे ल्यूट म्हणाले नव्हते, हे विसरू नये. शासनाने कात्री चालवावी असेही म्हणाले नव्हते. त्यांनी वाचकाला, प्रेक्षकाला, आपल्यासारख्यांना हाक घातली. बंदी आणि हाक यांच्यातला हा भेद अलीकडच्या काळात आपल्याही चर्चांतून पुष्कळदा पुसट होतो.

ल्यूट यांच्याविषयीही आंधळा आदर नको. ते सरकारी अधिकारी होते, आणि अधिकाऱ्याच्या तोंडची बहिष्काराची हाक ही साध्या नागरिकाच्या हाकेहून वजनदार असते, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. आम्हांला तो अगदीच पोकळ वाटत नाही. तरीही निकाल योग्यच होता असे आमचे मत आहे.

हार्लानने पुढेही चित्रपट केले. १९५७ च्या 'आंडर्स आल्स डू उंट इश'मध्ये समलैंगिकतेचा विषय होता. परिनिरीक्षण मंडळाने फेरफार करायला लावल्यावर तो अधिकच द्वेषाचा झाला, असे हार्लानचे म्हणणे. पुन्हा शेवट दुसऱ्याने बदललेला, हा योग त्याच्या कपाळी नेहमीचाच होता म्हणायचा. १३ एप्रिल १९६४ रोजी काप्री बेटावर तो वारला. दोन वर्षांनी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'इम शाटन मायनर फिल्मं', म्हणजे 'माझ्या चित्रपटांच्या छायेत'. छायेत तो होता खरा, पण ती छाया कोणाकोणावर पडली याची मोजदाद त्या पुस्तकात करू पाहणाऱ्याची निराशा होते.

ती मोजदाद त्याच्या मुलाने केली. टोमास हार्लान १९२९ साली जन्मला, हिल्डं क्योर्बरचा मुलगा. लहानपणी गोबेल्सच्या ओळखीत वाढलेला हा मुलगा साठीच्या दशकात पोलंडच्या दप्तरखान्यांत वर्षानुवर्षे बसून मोकळ्या फिरणाऱ्या नात्सी गुन्हेगारांची कागदपत्रे गोळा करीत होता. तोही चित्रपट-दिग्दर्शक झाला, कादंबरीकार झाला. १९८४ च्या 'वुंडकानाल' या चित्रपटात त्याने युद्धगुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेल्या एका खऱ्याखुऱ्या एस.एस. अधिकाऱ्यालाच कॅमेऱ्यासमोर आणून बसवले. २००८ मध्ये फेलिक्स म्योलरने हार्लान-कुटुंबावर माहितीपट केला. त्यात मुले, नातवंडे, पुतणी असे सारे बोलतात, आणि प्रत्येकजण वेगळ्या सुरात. पुतणी क्रिस्टियानं ही स्टॅन्ली कुब्रिकची पत्नी, म्हणजे 'यूद झ्यूस'च्या कर्त्याच्या घरातली मुलगी एका ज्यू दिग्दर्शकाच्या घरी नांदली.

टोमास २०१० मध्ये वारला. त्याचे शेवटचे पुस्तक मृत्यूनंतर आले. नाव फक्त 'फाइट'. ते वडिलांना उद्देशून आहे. सही करायला बाप जे नाकारीत आला, त्या ओझ्यावर मुलाने आपले नाव घातले आहे.

'यूद झ्यूस' आज जर्मनीत सरसकट दाखवता येत नाही. मुर्नाउ प्रतिष्ठानाने तो राखीव यादीत ठेवला आहे. जाणकाराने आधी प्रास्ताविक करावे आणि नंतर चर्चा व्हावी, या अटीवरच त्याचा खेळ होतो. १९४० मध्ये या चित्रपटाला प्रास्ताविक लागत नव्हते.